आमवात, थायरॉईड, कोड, लहान मुलाची शुगर : घरातल्या सगळ्यांची वही एकाच रीतीने कशी ठेवायची

नाशिकजवळ मखमलाबादला आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. बागेची वही सासऱ्यांच्या वेळेपासूनची. खरड छाटणी कधी, गोडी छाटणी कधी, छाटणीपासून कितव्या दिवशी काय फवारलं, कोणत्या ओळीत डाऊनी, म्हणजे पानावरचा बुरशीचा रोग, दिसला, पाऊस किती वाजता आला, सगळं तिच्यात असतं. माल युरोपला पाठवायचा तर ही वही लागतेच, पण लागली नसती तरी आम्ही ठेवली असती. कारण पानावर आज दिसलेला डाग आजचा नसतो. त्याचं कारण वहीत आठ-दहा दिवस मागे सापडतं.

माझ्या शरीराची अशी वही मी २०१५ साली सुरू केली. दोन वर्षं उशीरच झाला होता. तुमच्या घरात कोणाला आमवात, थायरॉईड, कोड, सोरायसिस, ल्यूपस किंवा लहानपणीच लागलेली शुगर असेल, तर तो उशीर तुम्हाला होऊ नये म्हणून हे लिहितेय.

२०१३ च्या गोडी छाटणीत सकाळी सातला कात्री हातात घेतली आणि मूठच वळेना. दुखत होतं, पण दुखण्यापेक्षा आखडल्यासारखं जास्त होतं. रात्रभर कोणीतरी बोटांना सुतळी गुंडाळून ठेवावी तसं. ऊन बांधावरच्या आंब्यावर आलं, म्हणजे साडेनऊ-दहा वाजले, की बोटं हळूहळू मोकळी व्हायची आणि मग मी दिवसभर काम करायचे. त्यामुळे कोणाला खरं वाटेना. मलाही वाटेना. 'कामाने होतं' असं म्हणून गोळ्या घेतल्या. मग कोणीतरी सांगितलं म्हणून एका माणसाकडून पुड्या आणल्या. पुडीने चार दिवसांत हात मोकळा झाला, भूक वाढली, तीन महिन्यांत चेहरा गोल झाला आणि पुडी थांबवली की अंथरुणातून उठवेना. त्या पुडीत काय असावं ते नंतर संधिवाताच्या डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्याकडे बघूनच सांगितलं : स्टेरॉईड.

त्याच डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं, "घरात कोणाला थायरॉईड, सोरायसिस, कोड?"

मी म्हणाले, "नाही."

खोटं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. माझ्या आईच्या उजव्या घोट्यावर पांढरा चट्टा आहे. तो साडीच्या काठाखाली असतो. आमच्या घरी त्याचं नाव कधी कोणी घेतलं नाही, कारण मागे मुलींची लग्नं होती. मावशी रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी घेते, ती थायरॉईडची हे मला माहीत होतं. पण हातांच्या डॉक्टरला मावशीच्या गळ्याचं काय सांगायचं? ते सांगायचंच असतं, आणि का सांगायचं ते कळल्याशिवाय वही नीट लिहिता येत नाही. म्हणून आधी थोडं ते.

मूळ एक, फांद्या वेगळ्या

एकाच डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाचं कलम बसतं, सोनाका द्राक्षाचंही बसतं. घड वेगळे दिसतात, खुंट एकच. या आजारांचं मला तसंच वाटतं. सगळ्यांत बिघाड एकाच ठिकाणी असतो : शरीराची राखण करणाऱ्या पेशी घरच्याच माणसावर धावून जातात. थायरॉईडच्या ग्रंथीवर गेल्या तर हाशिमोटो, सांध्यांच्या आतल्या अस्तरावर गेल्या तर आमवात, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर गेल्या तर कोड, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर गेल्या तर टाइप १ मधुमेह. ल्यूपसमध्ये त्या शरीरातल्या पेशींच्या केंद्रकातल्या घटकांवरच जातात, म्हणून त्वचा, सांधे, किडनी, रक्त, काहीही सापडू शकतं. या सगळ्यांना मिळून ऑटोइम्यून किंवा स्वप्रतिकार आजार म्हणतात.

शरीर स्वतःवरच उलटेल हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पटत नव्हतं. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली थायरॉईडच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांत पांढऱ्या पेशींची दाटी असल्याचं लिहून ठेवलं होतं. तशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी असतात हे लंडनमध्ये सिद्ध झालं ते १९५६ साली. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली.

राखण करणाऱ्या टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथे त्यांची परीक्षा होते. शरीराचीच प्रथिनं त्यांना दाखवली जातात आणि जी पेशी त्यांवर घट्ट चिकटेल तिला तिथेच संपवलं जातं. तरी काही निसटतात, अगदी निरोगी माणसातही. त्यांना आवरायला वेगळ्या, आवर घालणाऱ्या टी पेशी असतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ साली दाखवल्या. त्या पेशी घडवणारं फॉक्सपी-३ हे जनुक अमेरिकेत मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ साली शोधलं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना याच कामासाठी मिळालं. ती बातमी मी पेपरात वाचली तेव्हा कात्रण कापून वहीत चिकटवलं. माझ्या आजाराचं कोणी नाव घेतलं याचा मला खरोखर आनंद झाला होता.

म्हणजे हल्ला करू शकणाऱ्या पेशी तुमच्यातही आहेत. आजार होतो तो आवर सुटला की. आणि आवर एका कारणाने सुटत नाही.

द्राक्षवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. डाऊनी यायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : वाण बळी पडणारं हवं, बुरशी हवी आणि पान पुरेसे तास ओलं राहायला हवं. एक नसेल तर बाग वाचते. इथे वाणाच्या जागी आनुवंशिकता. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुकं आहेत. पेशीच्या पृष्ठभागावर 'हे बघ, आत हे आहे' असं टी पेशींना दाखवायचं काम ती करतात. त्यांचे काही प्रकार आमवाताशी, काही गहू न सोसणाऱ्या सीलिएकशी, काही टाइप १ मधुमेहाशी जोडलेले आहेत. एचएलए-बी२७ हा प्रकार कमरेचा कणा आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी जोडलेला आहे, तो संबंध १९७३ सालीच कळला. आईकडून मला 'आमवात' आला नाही. बळी पडण्याची शक्यता आली. म्हणून एकाच घरात आईला कोड, मावशीला थायरॉईड, मला आमवात असं होतं.

आणि ही नुसती शक्यता असते. दिसायला हुबेहूब जुळ्या, म्हणजे सगळी जनुकं सारखी असलेल्या दोन बहिणींत एकीला आमवात झाला तरी दुसरीला होण्याचं प्रमाण शंभरात पंधराच्या आसपासच आहे. "माझ्यामुळे तुला झालं गं" असं आई कितीदा म्हणाली असेल. तिला मी हा आकडा सांगितला. तुमच्याही घरात असं म्हणणारी आई असेल, तिला सांगा.

बुरशीच्या जागी बाहेरची निमित्तं. जंतुसंसर्ग हे त्यातलं मोठं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला होणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमची, साथ आली होती, ती आठवत असेल. आधी जुलाब, मग आठ-पंधरा दिवसांनी पायातली शक्ती जाणं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्याच्या अंगावरच्या साखरेच्या साखळ्या आपल्या नसांवरच्या साखळ्यांसारख्या असतात. शरीर जिवाणूशी लढायला अँटीबॉडी बनवतं आणि त्या नसांनाही लागतात. लहान मुलांच्या घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसनंतर येणारा संधिज्वर हृदयाच्या झडपा खराब करतो, त्यातही हीच गल्लत असते. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला होणाऱ्या मल्टिपल स्क्लेरॉसिसचं एपस्टाईन-बार विषाणूशी असलेलं नातं २०२२ साली अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदींवरून दिसलं : या विषाणूचा संसर्ग झाल्यावर धोका सुमारे बत्तीस पट. नोंदी ठेवल्या होत्या म्हणून दिसलं, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरं निमित्त धूर आणि धूळ. विडी-सिगरेटच्या धुराने फुप्फुसातली काही प्रथिनं बदलतात, शरीराला ती परकी वाटायला लागतात आणि त्यांच्याविरुद्ध ज्या अँटीबॉडी बनतात त्याच आमवाताच्या अँटी-सीसीपी. सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधी त्या रक्तात असू शकतात. सिलिकाची बारीक धूळही आमवात, ल्यूपस आणि त्वचा घट्ट होणाऱ्या स्क्लेरोडर्माशी जोडलेली आहे. घरातलं कोणी अंबड-सातपूरच्या कारखान्यांत सँड ब्लास्टिंगवर किंवा दगडाच्या क्रशरवर काम करत असेल तर ते वहीत आलंच पाहिजे. फवारणीबद्दल मला बायका हमखास विचारतात. अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांतल्या बायकांच्या अभ्यासात काही कीटकनाशकांचा आमवाताशी संबंध आढळला आहे. माझा आजार फवारणीनेच झाला असं त्यावरून कोणी म्हणू शकत नाही. मी फवारणीच्या तारखा वहीत लिहिते आणि हातमोजे-मास्कशिवाय ब्लोअरजवळ जात नाही, कोणाला जाऊही देत नाही.

ओल्या पानाच्या जागी काय? शरीराची त्या वेळची अवस्था. या आजारांच्या दर पाच रुग्णांत साधारण चार बायका असतात. बाळंतपणानंतरचे महिने नाजूक. आमवात असलेल्या बऱ्याच बायकांना पोटुशी असताना बरं वाटतं आणि बाळ झाल्यावर सांधे पुन्हा पेटतात. माझ्या मुलीचा थायरॉईडचा बिघाड २०२१ मध्ये बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात सापडला. केस गळत होते, सारखी थकायची, रडायची. सगळे म्हणत होते बाळाच्या जागरणाने. मी वही उघडली, मावशीचं नाव दाखवलं आणि टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घेतली.

पहिलं पान : झाड

आडवी वही घ्या. मधे ज्याचा आजार त्याचं नाव, वर आईवडील, त्यावर दोन्हीकडचे आजी-आजोबा, बाजूला भावंडं, आत्या-काका, मामा-मावशी, खाली मुलं-भाचे-पुतणे. आईकडचं आणि वडिलांकडचं, दोन्ही. माझ्या मुलीच्या झाडात माझी आई आहे तशी माझी नणंदही आहे, जिच्या मुलीला सीलिएक आहे.

"कोणाला ऑटोइम्यून आजार आहे का?" असं विचारू नका, सगळे नाही म्हणतील. आपल्या शब्दांत, एकेक करून विचारा. अंगावर कुठे पांढरा डाग आहे का. डोक्यात किंवा दाढीत चाई पडली होती का. कोपरावर, गुडघ्यावर पापुद्रे निघणारे चट्टे? थायरॉईडची गोळी? डोळे बाहेर आल्यासारखे दिसणारं कोणी? लहानपणापासून इन्सुलिन टोचणारं? कोणाची कंबर तरुणपणीच सकाळी आखडायची आणि चाललं की सुटायची? शौचातून वर्षानुवर्षं रक्त? तोंड आणि डोळे इतके कोरडे की भाकरी पाण्याशिवाय गिळत नाही? उन्हात गेलं की गालावर लाली? लागोपाठ गर्भ पडणं? हा शेवटचा प्रश्न घरातल्या वयस्कर बाईला एकटीलाच, जवळ बसून विचारा.

साठीनंतरची गुडघ्याची झीज आणि उतारवयात लागलेली शुगर बहुधा वेगळ्या वाटेने येतात. ती लिहा, पण वेगळ्या रंगाने. पावसाळ्यानंतरचा चिकुनगुनियाही लिहा. त्यात सांधे महिनोन्‌महिने दुखतात आणि आमवातासारखेच दिसतात, तेव्हा तापाची तारीख डॉक्टरांच्या फार कामाची असते.

माझ्या आईच्या नावापुढे बरेच दिवस जागा कोरी होती. मोहाडीला भाऊबीजेला गेले होते, ती पाटावर बसून वाती वळत होती. मी वही समोर ठेवली, झाड दाखवलं, आणि तिच्या नातवाचं, माझ्या भाच्याचं नाव दाखवलं. त्याला २०१८ मध्ये नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. तिने थोडा वेळ बघितलं. मग म्हणाली, "लिही. ७९ साली. तुझा भाऊ झाला त्याच वर्षी. आधी घोट्यावर, मग पाठीवर." पाठीवरचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी चाळीस वर्षं त्या पाठीला तेल लावायला मागत होते आणि ती नको म्हणत होती.

कोडाचा स्पर्शाने काही संबंध नाही, ते पसरत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी लपवलं जातं. म्हणून वही कोणाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवेन, हे घरच्यांना आधी सांगा आणि पाळा.

दुसरं पान : आठवड्याच्या चार ओळी

रोज लिहायचं ठरवाल तर पंधरा दिवसांत वही कपाटात जाईल. मी रविवारी रात्री चार ओळी लिहिते, आणि ज्या दिवशी बिघडतं त्या दिवशी तिथल्या तिथे.

सकाळचा कडकपणा मिनिटांत लिहा. 'सकाळी आखडतं' यातून डॉक्टरांना काही कळत नाही. उठले सहाला, पोहे ढवळायला कालथा धरता आला सात वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे ऐंशी मिनिटं. झिजेच्या दुखण्यात कडकपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. सुजेच्या संधिवातात तासभर किंवा जास्त राहतो. माझं निदान या एका आकड्याने पुढे सरकलं. किती सांधे आणि कोणते, दोन्ही हातांचे सारखे का, तेही लिहा. अंगठी, बांगडी चढते का हे चांगलं माप आहे.

चट्टा, पुरळ, सुजलेली बोटं यांचा फोटो काढा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी नेमकं सगळं गेलेलं असतं. ताप, घसा, जुलाब झाले तर तारीख. पाळीची तारीख. थकवा कसा होता ते 'आज बाजारहाट झाला', 'आज धुणं तसंच राहिलं' अशा भाषेत लिहिलेलं डॉक्टरांना जास्त उमगतं.

तिसरं पान : रिपोर्ट

आकडा लिहाल तर शेजारी त्या लॅबची मर्यादाही लिहा, कारण लॅबगणिक ती बदलते. खाली ओळ मारून तारीख.

एएनए, म्हणजे पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी, पॉझिटिव्ह आली म्हणून रात्रभर जागलेल्या तीन बायका तरी मला माहीत आहेत. १:८० ला, म्हणजे रक्त ऐंशी पट पातळ करूनही, एएनए पॉझिटिव्ह येणारी निरोगी माणसं दहात एकाहून जास्त असतात. त्या तपासणीला अर्थ येतो तो सोबतच्या लक्षणांनी, म्हणून दुसरं पान आधी. थायरॉईडच्या अँटी-टीपीओचं तेच. अँटीबॉडी असून ग्रंथी ठीक चाललेली माणसं पुष्कळ, त्यांना फक्त टीएसएचवर लक्ष ठेवावं लागतं. अँटी-सीसीपी एकदा पॉझिटिव्ह आली की दर खेपेला करायची गरज नसते. आजार किती पेटलाय ते ईएसआर आणि सीआरपी या सूज मोजणाऱ्या रक्ततपासण्या सांगतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉईडच्या तपासणीआधी लॅबला सांगा, त्यांनी आकडे चुकतात.

नणंदेच्या मुलीच्या बाबतीत आमचं चुकलं ते सांगते. पोर वाढत नव्हती, लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरत नव्हतं. कोणीतरी म्हणालं गहू सोसत नसेल, म्हणून आम्ही दीड महिना पोळी बंद केली आणि मग तपासणीला नेलं. सीलिएकच्या रक्ततपासणीला पोटात गहू असावा लागतो, तो बंद केला की अँटीबॉडी उतरतात. पुन्हा पोळ्या चालू करून पुन्हा तपासणी करावी लागली. आधी तपासणी, मग पथ्य. निदान झाल्यावर मात्र पथ्य कडक आणि जन्मभराचं. या आजारात निमित्त नेमकं माहीत आहे, गहू-जवातलं ग्लुटेन, आणि ते काढलं की आतडं भरून येतं. बाजरी, ज्वारी, नाचणी, तांदूळ चालतात, म्हणजे आपल्याकडे उपाशी राहायची वेळ येत नाही. पण डबीतला हिंग बघा. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. आमची पोर सहा महिने पोळी न खाता वरणातून गहू खात होती.

चौथं पान : औषधं, आणि इथे थांबून वाचा

मेथोट्रेक्सेट हे एकच औषध आमवाताला, सोरायसिसला कसं चालतं? किंवा टीएनएफ नावाचा सुजेचा निरोप अडवणारं इंजेक्शन आमवात, सोरायसिस, कण्याचा आजार आणि आतड्याचा क्रोन्स, चौघांना कसं? कारण फांद्या वेगळ्या असल्या तरी आत निरोप तेच धावत असतात. म्हणूनच हे पान घरात एकाचं दुसऱ्याला उपयोगी पडतं. आणि म्हणूनच एकाची गोळी दुसऱ्याने परस्पर घ्यायची नाही.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे. रोज नाही. वहीत वार मोठ्या अक्षरात लिहा. माझा रविवार आहे. २०१६ च्या छाटणीच्या गडबडीत मी रविवारी घेतली आणि विसरून मंगळवारी पुन्हा घेतली. चार दिवसांनी तोंड इतकं आलं की दूधही गिळेना. डॉक्टरांनी तातडीने रक्त तपासलं. सुदैवाने पेशी फार उतरल्या नव्हत्या. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. तेव्हापासून पाकीट माझ्या हाती नसतं. मुलगी रविवारी एका वाटीत काढून देते आणि वहीत खूण करते. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सांगितलेल्या वारी. रक्त, यकृतासाठी एसजीपीटी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन डॉक्टर सांगतील तितक्या महिन्यांनी, न चुकता. घरात मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या आधीच सांगायचं, कारण ही गोळी गर्भाला घातक आहे आणि बदलून द्यावी लागते.

स्टेरॉईड चालू असेल तर मिलिग्रॅम आणि तारीख लिहा. एकदम बंद करायची नाही, शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड बनणं तोवर मंदावलेलं असतं. पुड्यांच्या बाबतीत जिवाला धोका तिथेच आहे : किती पोटात गेलं तेच माहीत नसतं. कधी घेतल्या असतील तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. मी सांगितलं, त्यांनी रागावण्याऐवजी डोस हळूहळू उतरवत नेला.

आमवात-ल्यूपसची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी वर्षानुवर्षं चालत असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लिहून ठेवा. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, लोह आणि कॅल्शियम चार तासांच्या अंतराने. टीएनएफ अडवणारं इंजेक्शन सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी लागते, आपल्याकडे दडलेला टीबी बऱ्याच जणांत असतो. घरात पूर्वी कोणाला टीबी झाला होता हेही म्हणून पहिल्या पानावर लिहा.

डॉक्टरांपुढे

पूर्ण वही टेबलावर ठेवू नका. ओपीडीत दहा मिनिटं मिळतात. आदल्या रात्री एका कागदावर लिहून काढा : झाडातली नावं एका ओळीत ('आई कोड, मावशी आणि मुलगी थायरॉईड, भाचा टाइप १'), गेल्या भेटीपासून काय बदललं, चालू औषधं, आणि दोन प्रश्न. तिसरा प्रश्न बहुतेक वेळा राहतो, म्हणून महत्त्वाचे दोन वर. कागद हातात द्या आणि बोला. मी दुसऱ्या भेटीत तसा कागद दिला तेव्हा डॉक्टरांनी तो वाचला आणि त्याच दिवशी माझा टीएसएच लिहून दिला. माझाही थोडा वाढलेला निघाला. एक आजार असला की दुसरा सोबतीला येतो, म्हणून थायरॉईडवाल्याची शुगर आणि बी१२, टाइप १ च्या मुलाचं थायरॉईड आणि सीलिएक अधूनमधून बघतात. तुमच्या डॉक्टरांनी काढलं नाही तर तुम्ही विषय काढा.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला

इथे ज्या गोष्टी लिहायच्या त्यांत वही उघडून बसायचं नसतं, गाडी काढायची असते. पायातली शक्ती जाऊन ती वर चढत येणं, श्वास अपुरा पडणं. मेथोट्रेक्सेट किंवा इंजेक्शन चालू असताना ताप. डोळा लाल होऊन दुखणं, अंधुक दिसणं. छातीत दुखणं. लघवी फेसाळ होऊन चेहरा-पाय सुजणं. आणि लहान मूल सारखं पाणी पितंय, अंथरूण ओलं करतंय, उलट्या होतायत, श्वास खोल आणि भरभर चाललाय. माझ्या भाच्याचं असंच झालं होतं, आणि दीड दिवस आम्ही पित्त समजून लिंबूपाणी साखर घालून देत होतो.

या यादीखाली फोन नंबर लिहा. माझ्या वहीत माझ्या मुलीचा आहे, भाच्याच्या वहीत त्याच्या आईचा आणि त्याखाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला माझा.